लांबच्या लेन्सचा माणूस

सोलमधल्या छुंगमुरोच्या गल्ल्यांत छापखानेवाले, फिल्म धुणारे आणि कुत्र्यांची पिल्लं विकणारे एकमेकांना खेटून धंदा करत होते, त्या काळी बान सोकजूचा स्टुडिओ एका छापखान्याच्या डोक्यावर होता. खालचं यंत्र सुरू झालं की वर दिव्यांचे स्टँड थरथरायचे. सोकजू मग जिन्यातून वाकून ओरडायचा, "काका, एवढा फोटो होऊ द्या, मग छापा काय छापायचं ते!"

"तुझा फोटो होईपर्यंत इथे पुढची निवडणूक होऊन जाईल!" खालून उत्तर यायचं. पण यंत्र थांबायचं. गल्लीत त्याला मान होता.

मॉडेल आली की तो लगेच कॅमेऱ्याला हात लावत नसे. तिला खिडकीपाशी बसवायचा, बार्लीचा चहा द्यायचा आणि स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला उगाच वायरी गुंडाळत राहायचा. गुंडाळता गुंडाळता तिचं नाक, हनुवटी, कान, हसताना वर जाणारा ओठ, सगळं बघून घ्यायचा. मग कपाट उघडायचा. कपडा हलणारा असला, म्हणजे रेशमी झगा, वाऱ्यावर उडणारा कोट, तर कॅमेऱ्याची छोटी बॉडी, पटापट फिल्म ओढणारी. कपडा बसणारा असला, कशिदा किंवा लोकर, धागा न् धागा दिसला पाहिजे असा, तर मोठी बॉडी, चौकोनी फिल्मची, धोंड्यासारखी जड. "बॉडी कपड्याला विचारून घ्यायची आणि लेन्स चेहऱ्याला," असं तो नव्या मुलांना सांगायचा.

सांगायचा असं, पण चेहरा काहीही बोलला तरी त्याचा हात शेवटी एकाच लेन्सवर जायचा. एकशेऐंशी मिलिमीटरची ती लांबडी लेन्स. बाकीचे फोटोग्राफर पंच्याऐंशीवर भागवत, फार तर एकशेपाचवर जात. एकशेऐंशीने चेहरा भरायचा तर माणसाला पार मागे, भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. पण तिथून नाक गालाच्या पुढे धावत नाही, हनुवटी मानेवर नांगर टाकून बसत नाही, मागचं सगळं धुक्यासारखं विरघळून जातं आणि चेहरा तेवढा शांत, सपाट, सुंदर उरतो. गल्लीतले लोक म्हणत, "बान फोटो काढतो तेव्हा मॉडेल सोलमध्ये असते आणि बान इंचनमध्ये."

सोकजू हसायचा. खरं कारण तो कुणाला सांगत नसे. त्याचा बाप जेचनच्या रेल्वे यार्डात होता, डोक्याने तापट. 'इकडे ये' म्हटलं की थोबाडीत बसणार, हे पोराला पाठ झालेलं. त्यामुळे समोरच्याचे डोळे हाताच्या अंतरावर आले की सोकजूची जीभ टाळूला चिकटायची, ती मोठा झाल्यावरही. कॅमेरा हातात आला आणि लांबची लेन्स लागली, तेव्हा कुठे त्याला माणसांकडे निवांत बघता येऊ लागलं. लोकांना वाटे, बान कलावंत आहे. तो कलावंत होताच. पण आधी तो भित्रा होता.

गिल युनसुक त्याला भेटली ती म्योंगदोंगमधल्या एका शिवणघरात. शिंप्यांनी कपडे अंगावर टाचून बघायचे, त्यासाठी ती दिवसभर उभी असायची. बांधा असा की साधं कापडही तिच्यावर ऐटीत पडे, पण जबडा रुंद, चौकोनी. मासिकांच्या दारात तिला कुणी उभं करत नव्हतं. सोकजू कपडे न्यायला गेला होता. बराच वेळ तो दारातूनच बघत राहिला.

"काय बघताय?" शिंप्यासाठी टाचण्या तोंडात धरूनच तिने विचारलं. "जबडा ना? मोजून घ्या एकदाचा. दारासाठी चौकट करायची असेल तर उपयोगी पडेल."

"तुमचा... तुमचा फोटो काढायचाय."

"सगळा मावेल का त्यात?"

त्याने तिला देवोकसू राजवाड्याच्या भिंतीपाशी नेलं. ती एका टोकाला आणि तो जवळजवळ वळणापाशी. ढगाळ दिवस, जिंकोच्या झाडांची पानं पिवळी पडून खाली आलेली. एकशेऐंशीतून बघितलं तर तो जबडा गालांच्या सावलीत असा काही बसला की तीच चेहऱ्याची शान वाटू लागली. मासिकाच्या संपादकीणबाईंनी फोटो पाहून विचारलं, "ही कोण? परदेशातून आणलीस का?" त्या हिवाळ्यात युनसुक मुखपृष्ठावर आली. पुढची सात-आठ वर्षं छुंगमुरोत कुणालाही कोट विकायचा असला की आधी तिचं नाव निघायचं.

दोघांचं लग्न झालं. हेजिन झाली. युनसुक त्याला आधी 'बान सर' म्हणायची, मग 'हेजिनचे बाबा' म्हणू लागली. संसार वाईट नव्हता. सोकजू हात उचलत नसे, आवाज चढवत नसे, दारू पिऊन आला तरी गुपचूप भिंतीकडे तोंड करून झोपत असे. पण युनसुक कधी कधी भाजी निवडता निवडता म्हणायची, "तुम्ही घरात असता तेव्हाही मला वाटतं, जरा मागे सरकून उभे आहात."

"म्हणजे काय?"

"काही नाही. मुळा द्या तो."

*

डिजिटल आलं तेव्हा सोकजूला वाटलं, हे खूळ आहे, जाईल. खूळ गेलं नाही, फिल्म धुणारे गेले. गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या एकेक करून उतरल्या. शेवटी त्यानेही डिजिटल बॉडी घेतली. जुन्या लेन्स तिला बसत होत्या, म्हणून तो खुशीत होता. पण लावून बघतो तर प्रत्येक लेन्स होती त्याहून लांबची झालेली. आतला प्रकाश टिपणारा तुकडाच फिल्मपेक्षा लहान, त्यामुळे कडेचं सगळं कापलं जात होतं. पंच्याऐंशी लावली तरी भिंतीपर्यंत मागे जावं लागे आणि एकशेऐंशी लावली तर स्टुडिओच पुरेना. त्याने दार उघडलं आणि जिन्याच्या पायऱ्यांवर उभं राहून दारातून फोटो काढायला लागला. आत मॉडेल, बाहेर फोटोग्राफर.

"सर, तुम्ही आहात ना अजून?" मॉडेल आतून हाक मारायची. "की घरी गेलात?"

पुढे फिल्मएवढ्या मोठ्या तुकड्याच्या बॉडी आल्या. त्याने तीही घेतली. लेन्स पुन्हा आपापल्या जागी आल्या, पण आता वेगळंच विघ्न. ही बॉडी चेहऱ्यावरचं छिद्र न् छिद्र, पावडरचा कण न् कण दाखवायची. कंपन्यांनी त्यावर आपली माणसं बसवली. ती संगणकावर नाक बारीक करत, मान लांबवत, जबडा तासून टाकत. कुठल्या लेन्सने काढलाय, हे कुणी विचारीनासं झालं. विचारायचं कारणच उरलं नव्हतं.

आणि फॅशनही उलटली. एका नव्या मासिकाने त्याला बोलावलं. संपादक मुलगी हेजिनच्या वयाची. तिने त्याच्या हातात स्वतःच पस्तीसची आखूड लेन्स ठेवली.

"सर, हिने काढा. जवळ जा. अजून जवळ. अहो, अजून!"

"इतक्या जवळून नाक मोठं येतं."

"येऊ द्या ना. मला तेच हवंय. सुंदर फोटो सगळेच काढतात."

मॉडेलचा श्वास त्याच्या मनगटाला लागत होता. तिचे डोळे थेट त्याच्याकडे बघत होते, वाट बघत, काहीसे कंटाळलेले. सोकजूच्या तळव्यांना घाम सुटला. दुपारभर काढलेल्या फोटोंत धड फोकस असलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. मुलगी सभ्य होती. कमरेत वाकून 'खूप कष्ट घेतलेत' म्हणाली. पण पुन्हा फोन आला नाही. त्या मासिकाचा नाही आणि हळूहळू कुणाचाच नाही.

स्टुडिओ बंद केला तेव्हा सोकजूचं वय साठीला टेकलं होतं. लेन्स एकेक करून नामदेमुनच्या बाजारात गेल्या, ग्वाकच्या दुकानात. ग्वाक जुने कॅमेरे विकायचा आणि वयाने मोठा, म्हणून सोकजू त्याला ह्योंग म्हणायचा, थोरला भाऊ. एकशेऐंशी त्याने सगळ्यांत शेवटी नेली. ग्वाकने ती दिव्यासमोर धरून आरपार बघितली आणि म्हणाला, "आतून अजून कोरी करकरीत आहे. तुझ्यासारखी नाही."

घरी सोकजूकडे एक बॉडी आणि दोन आखूड लेन्स राहिल्या. मांगवोनच्या छोट्या फ्लॅटमध्ये त्या पांघरुणांच्या कपाटात पडून असत. युनसुक तेव्हा पुन्हा शिवणघरातच, पण आता टाचण्या लावणाऱ्यांच्या बाजूला होती, आणि घर त्यावर चाललं होतं. ती त्यावरून कधी बोलली नाही. उलट सकाळी डबा भरताना म्हणायची, "आज नदीवर चक्कर मारून या. कॅमेरा न्या बरोबर." तो चक्कर मारून यायचा. कॅमेरा न्यायचा नाही.

*

दाताचं दुखणं म्हणून युनसुक डॉक्टरकडे गेली आणि निघाली जबड्यातली गाठ. मोठ्या इस्पितळात डावीकडचा खालचा जबडा निम्मा काढला. पायातलं हाड घेऊन तिथे बसवलं, ते धरलं नाही. ते पुन्हा काढावं लागलं. ती घरी आली तेव्हा डावा गाल आत गेला होता, ओठाचा कोपरा खाली ओघळला होता, आणि बोलताना अर्धे शब्द तिकडूनच सांडून जात. आरशासमोर ती एकदाच उभी राहिली.

"सगळ्यांना खुपत होता ना माझा जबडा," ती म्हणाली. "घ्या, गेला एकदाचा."

सोकजूला हसावं की रडावं कळेना. तो पेज ढवळत राहिला.

तिची सेवा त्याने मनापासून केली. जखम धुतली, भाताची पातळ पेज गाळून भरवली, ओठाच्या कोपऱ्यातून गळायची ती रुमालाने टिपली. हेजिन लग्नानंतर देगूला नोकरीला होती, शनिवारी यायची. ती म्हणायची, "बाबा, तुम्ही इतकं सगळं कराल असं वाटलं नव्हतं." त्यालाही वाटलं नव्हतं. हात आपोआप चालायचे. पुसायला फार बघावं लागत नाही.

वर्षभराने गाठ फुप्फुसात दिसली. डॉक्टरांनी आकडे सांगायचं टाळलं, तेव्हाच दोघांना कळलं. परतताना बसमध्ये युनसुक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हेजिनचे बाबा, माझा फोटो काढा."

"कसला?"

"कसला म्हणजे? काळी फीत लावून ठेवतात तो. लोकांनी फुलं वाहायची ती कुणाच्या तरी समोर वाहायला नकोत का? घरात फोटोग्राफर असून बाहेर कुठे काढू?"

सोकजू 'हो' म्हणाला आणि आठवडाभर काहीतरी कारणं काढत राहिला. ऊन कडक आहे. आज धूळ आहे. लेन्स बरोबर नाही. यातलं शेवटचं त्याला स्वतःलाच पटलं आणि तो नामदेमुनला गेला.

"ग्वाक ह्योंग, माझी एकशेऐंशी आहे का अजून?"

"तुझी कुठली? ती माझी झाली रे." ग्वाकने काचेच्या कपाटातून ती काढली. "कुणी घेत नाही हल्ली. जड आहे म्हणतात. तुला कशाला हवी?"

"उसनी दे. घरचा एक फोटो काढायचाय."

"तुझ्या घरात? तुझ्या बैठकीत ही लावलीस तर तुला शेजाऱ्याच्या न्हाणीघरात उभं राहावं लागेल." मग सोकजूचा चेहरा बघून ग्वाकचं हसू विरलं. "युनसुक वहिनीचा?"

"हं."

ग्वाकने लेन्सवर झाकण बसवलं, काढलं, पुन्हा बसवलं. "ती काय म्हणते? कसा हवा तिला?"

"त्यात विचारायचं काय? चांगलाच हवा असणार."

"विचार तरी," ग्वाक म्हणाला. सोकजूने लेन्स पिशवीत टाकली आणि निघाला.

त्याने तिला नदीवर नेलं. हान नदीच्या काठी उंच रुपेरी गवत फुललं होतं. घरातलं स्टूल त्याने बरोबर घेतलं होतं. तिला त्यावर बसवलं, उजवी बाजू कॅमेऱ्याकडे, गळ्यात निळा रुमाल वरपर्यंत ओढलेला. मग तो मागे मागे जात राहिला, सायकलच्या रस्त्यापलीकडे, थेट कठड्यापर्यंत. दोघांच्या मधून सायकली जात होत्या. तो थांबायचा, सायकल गेली की हातवारे करायचा. ती तिकडे एवढीशी दिसत होती, पण लेन्समधून डोळ्याची पापणीसुद्धा मोजता येत होती. गवतावर प्रकाश सांडला होता. डावा गाल कुठेच नव्हता. बऱ्याच वर्षांनी सोकजूचे हात स्थिर होते आणि त्याला मनातून आनंद झाला, याची त्याला लाजही वाटली.

तो परत तिच्यापाशी आला तेव्हा ती थंडीने काकडली होती.

"तिकडून काय सांगत होतात? मला काही ऐकू येत नव्हतं."

"मान जरा वर, म्हणत होतो."

"मला वाटलं, निरोप घेताय."

फोटो छापून आणून त्याने जेवणाच्या टेबलावर ठेवला. खरोखर सुंदर फोटो होता. कुणालाही दुखण्याचा संशय येऊ नये असा. युनसुकने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"छान आहे," ती म्हणाली. "हिला मी कुठेतरी पाहिलंय."

"युनसुक..."

"खरंच छान आहे हो. पण ही बाई आता नाही. ही होती तेव्हाही तुम्हाला लांबूनच दिसायची." तिने चष्मा काढला. "जवळून काढा. ती दुसरी लेन्स आहे ना, आखूड. समोरून काढा. चेहरा आहे तसा."

"हेजिनला बघवेल का? लोकांना?"

"लोकांचं सोडा. तुम्हाला बघवेल का, ते बोला."

त्याने पन्नासची लेन्स लावली. खिडकीजवळ जमिनीवर तिच्यासमोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. तिने रुमाल सोडला. केस मागे घेतले. लेन्समधून तिचा सगळा चेहरा एकदम अंगावर आला. टाक्यांची गाठाळ रेघ, खचलेला गाल, ओलसर ओठ, आणि त्या सगळ्याच्या वर दोन डोळे, नीट त्याच्याकडे बघणारे. रोज तो हाच चेहरा धुवायचा, पुसायचा. पण त्या डोळ्यांत त्याने कधी बघितलं नव्हतं. फोकस डाव्या डोळ्यावर बसला. बोट बटनावर होतं. ते खाली जाईना. लहानपणी बापापुढे करायचा तशी त्याने नजर जमिनीकडे वळवली.

"बॅटरी उतरली," तो म्हणाला.

बॉडीच्या डोक्यावर बॅटरीचा हिरवा दिवा जळत होता. तो त्याच्यापेक्षा युनसुकच्या बाजूने जास्त स्पष्ट दिसत होता.

"असू दे," ती म्हणाली आणि रुमाल पुन्हा गुंडाळू लागली. "पेज ठेवा गरम करायला."

*

पुढच्या इस्पितळाच्या फेरीला युनसुकने त्याला बरोबर येऊ दिलं नाही. दुपारी टॅक्सीने परतली तेव्हा तिच्या हातात कापडात बांधलेलं काहीतरी चौकोनी होतं. जिना चढून ती इतकी दमली होती की आधी नुसती बसून राहिली. मग तिने गाठ सोडली. चौकटीत बसवलेला तिचा फोटो होता.

"कुणी काढला?" सोकजूने विचारलं.

"मेट्रोच्या तोंडाशी तो पासपोर्टचे फोटो काढणारा आहे ना, त्याने."

"त्याने?" सोकजूच्या तोंडून निघून गेलं. "युनसुक, तू त्याच्याकडे गेलीस? लोक हसतील. बान सोकजूची बायको..."

"हसू देत. दोन मिनिटं लागली त्याला. 'आजी, गालाला काय झालं?' म्हणाला. मी सांगितलं. 'मग या बाजूने काढू की समोरून?' म्हणाला. मी म्हटलं, समोरून. 'बरं, खांदे सैल सोडा' म्हणाला आणि काढला. झालं."

सोकजूने फोटो खिडकीकडे धरला. फोटो वाईट होता. यात काही शंकाच नव्हती. बॉडीबरोबर फुकट येते तसली लेन्स, तीही फार जवळून, म्हणून नाक फुगलेलं आणि कान मागे पळालेले. प्रकाश सपाट, मागच्या निळ्या पडद्यावर डोक्याची कडक सावली. कुठल्याही शिकाऊ मुलाला त्याने यासाठी फैलावर घेतलं असतं. आणि त्यात युनसुक होती. वाकडा ओठ किंचित वर उचलून काहीतरी टोमणा मारायच्या बेतात असलेली, अगदी तीच.

"कसा आहे?" तिने विचारलं.

सोकजूला बरं वाटेल असं काही बोलायचं होतं. पण वर्षानुवर्षांची सवय आधी बोलली. "सावली पडलीय मागे."

"हो," ती म्हणाली. "मी आहे ना तिथे. मग पडणारच."

तिने फोटो पुन्हा कापडात बांधला आणि पांघरुणांच्या कपाटात ठेवायला सांगितला. "हाच लावायचा. हेजिनलाही सांगेन मी." पण हेजिनला सांगायचं राहून गेलं. शनिवारी पोर आली की दोघी दुसऱ्याच गोष्टी बोलत. पुढे बोलणंच बंद झालं. नळी लागली. नव्या वर्षाचा सण उलटला आणि एका पहाटे, बर्फ पडत असताना, युनसुक इस्पितळात वारली.

इस्पितळाच्याच खालच्या मजल्यावर अंत्यविधीची दालनं होती. तिथला माणूस हळू आवाजात विचारत होता, "फोटो आणलाय का?" सोकजूने घरून दोन्ही आणले होते. का आणले, ते त्याला सांगता आलं नसतं. युनसुकचा थोरला भाऊ सुवॉनहून आला होता. सत्तरीचा, कडक इस्त्रीच्या काळ्या सुटातला. त्याने कापड सोडून एक फोटो पाहिला आणि तोंड फिरवलं.

"हे काय? हा लावणार? माझ्या बहिणीला लोकांनी असं बघायचं?"

"मामा, हळू," हेजिन म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. तिने तो फोटो पाहिला आणि तिच्या हातातला रुमाल तोंडावर गेला. "बाबा, हा कुठला? हा नको. प्लीज. आईला सगळ्यांनी असं का म्हणून लक्षात ठेवायचं? तो नदीवरचा आहे ना, तुमचा, तो किती सुंदर आहे."

"तिला..." सोकजू म्हणाला.

दोघंही त्याच्याकडे बघत होती. अगदी जवळ उभी होती. मेव्हण्याचे लाल डोळे, पोरीचे ओले डोळे. सोकजूची जीभ टाळूला चिकटली. 'तिला हाच हवा होता', एवढे चार शब्द. तेही निघाले नाहीत. दालनवाल्याने अदबीने हात पुढे केला. सोकजूने नदीवरचा फोटो त्याच्या हातात दिला.

फोटोवर काळी फीत लागली. पांढऱ्या शेवंतीच्या राशीत तो असा शोभला की येणारा प्रत्येक जण क्षणभर थबके. विधीचे सगळे दिवस सोकजू भिंतीला टेकून त्याच्यासमोर बसून होता. लोक येत, फूल ठेवत, वाकत, मग पलीकडच्या खोलीत तिखट रस्सा आणि भात जेवायला बसत. शिवणघरातल्या बायका आल्या. जुनी संपादकीणबाईही काठी टेकत आली. "काय फोटो आहे, बान," ती म्हणाली. "तुझा हात अजून तोच आहे." ग्वाक आला. त्याने फोटोकडे पाहिलं, मग सोकजूकडे. शेजारी बसून ग्लासात सोजू दारू ओतली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. सोकजूने तोंड बाजूला वळवून ती घेतली, थोरल्यांसमोर घेतात तशी.

"ह्योंग," तो म्हणाला, "कसा हवा ते तिने सांगितलं होतं."

"मग?"

"सांगून उपयोग झाला नाही."

ग्वाकने मान हलवली. त्याला काय कळलं कोण जाणे. राख घेऊन ते पाजूच्या डोंगरावर गेले तेव्हा फोटो जावयाने पुढे धरला होता, आणि त्यातली बाई उजवीकडे कुठेतरी बघत होती.

*

एकशेऐंशी सोकजूने परत नेऊन दिली. ग्वाक म्हणाला, राहू दे तुझ्याकडे. सोकजूने ती काउंटरवर ठेवली आणि बाहेर पडला. बॉडी आणि आखूड लेन्सही त्यानंतर त्याने कपाटातून काढल्या नाहीत. शेजारच्या शाळेने स्नेहसंमेलनाचे फोटो काढाल का म्हणून विचारलं, तेव्हा डोळ्यांचं कारण सांगितलं. सकाळी नदीवर जायचा, दुपारी पेज करून खायचा. दात शाबूत असून पेजच का, असं हेजिनने फोनवर विचारलं, तर म्हणाला, सवय झालीय.

वर्षश्राद्धाला हेजिन, जावई आणि मेव्हणा आले. बैठकीत मांडणी तयार होती. भात, मुळ्याचं सूप, मासा, सोललेले नाशपती, मेणबत्त्या. आणि मधोमध निळ्या पडद्याचा फोटो.

मेव्हण्याने बूट काढता काढता तो पाहिला आणि तिथेच थांबला. "हे काय नवीन?"

"नवीन नाही," सोकजू म्हणाला. त्याचा आवाज लहान होता, पण निघाला. "तिने स्वतः काढून आणलेला आहे. हाच लावा म्हणाली होती. मी तेव्हा बोललो नाही."

हेजिन बापाकडे बघत राहिली.

"तेव्हा बोलला नाहीत," ती सावकाश म्हणाली. "आणि आता आम्ही सगळे विधी उरकून बसल्यावर बोलताय."

"हो."

"म्हणजे आम्हीच तिचं ऐकलं नाही, असं झालं. मी आणि मामांनी."

"नाही गं. मी."

"पण मला ते कळायला नको होतं का, बाबा? तेव्हा?"

सोकजूने मेणबत्तीची वात उगाच सारखी केली. मेव्हणा गॅलरीत जाऊन सिगारेट ओढत उभा राहिला. जावयाने हळूच मद्याचा पेला भरला, उदबत्तीवरून फिरवला आणि सासूपुढे ठेवला. हेजिन वाकली, कपाळ जमिनीला लावलं आणि बराच वेळ तशीच राहिली. तिचे खांदे हलत होते. मेव्हणा शेवटी आत आला आणि त्यानेही नमस्कार केला, पण फोटोकडे न बघता, जमिनीकडे बघत.

जेवणं झाली. बोलणं गाडीच्या वेळेचं आणि थंडीचं झालं. निघताना हेजिनने उरलेला मासा डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवला, ओटा पुसला, बुटात पाय घातले आणि दारात थबकली.

"बाबा, मला आईच्या फोटोची एक प्रत हवी आहे. माझ्या घरी लावायला."

"देतो की." सोकजू बैठकीकडे वळला. "आताच नेतेस का? हाच ने हवं तर, मी दुसरा..."

"हा नाही," हेजिन म्हणाली. तिने बापाच्या बाहीची सुटलेली गुंडी लावली, त्याच्याकडे न बघता. "तुम्ही काढलेला. नदीवरचा."

सोकजू दाराकडे परत वळला. मग म्हणाला, "बरं. छापून पाठवतो." आणि ती जिना उतरेपर्यंत दार धरून उभा राहिला.